बटण काचेचे का दिसत नाही? तकाकी, कवडसा आणि कडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोटोशॉपमध्ये गोलसर कोपऱ्यांचे निळे बटण केले, वरच्या अर्ध्या भागावर पांढरा उतरता ग्रेडियंट (क्रमाने बदलत जाणारा रंग) दिला, तरी बटण काचेचे न वाटता प्लास्टिकच्या झाकणासारखे वाटते, शिवाय वेबपानावर गडद पार्श्वभूमीवर ठेवले की कडेने पांढुरकी रेघ दिसते. दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. आधी पहिली घेऊ, कारण खरे काम तिथेच आहे.

वरची पांढरी तकाकी म्हणजे काच नव्हे. तकाकी तेलरंग दिलेल्या दारालाही असते, पत्र्याच्या डब्यालाही असते आणि प्लास्टिकलाही. काच ओळखू येते ती तिच्यातून आरपार जाणाऱ्या उजेडामुळे. रंगीत काचेची गोटी खिडकीजवळ धरून पाहा. वरच्या बाजूला खिडकीचे लहानसे, धारदार प्रतिबिंब दिसते. त्याच्या लगेच खाली गोटी सगळ्यांत गडद असते. आणि उजेडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे तळाशी, तिचा रंग आतून पेटल्यासारखा उजळतो. वरून शिरलेला उजेड वाकतो आणि तळाशी एकवटतो. त्याला पुढे आपण कवडसा म्हणू. अपारदर्शक प्लास्टिकला हा कवडसा नसतो. तिथे तळाकडचा भाग उजेडापासून वळलेला असतो, म्हणून गडद दिसतो. तुमच्या बटणाचा मूळ ग्रेडियंट बहुधा वर फिकट आणि खाली गडद आहे. तो उलटा करा: वर गडद, तळाशी उजळ. एवढ्या एका बदलाने अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट प्रतिबिंबाच्या प्रमाणाची. साध्या काचेचा अपवर्तनांक (ती उजेड किती वाकवते त्याचे माप) सुमारे १.५ असतो आणि समोरून पाहिले तर तिचा एक पृष्ठभाग जेमतेम ४ टक्के उजेड परत फेकतो. नजर जसजशी तिरपी होते तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणून खऱ्या काचेचा दर्शनी भाग बराचसा आरपार असतो आणि चमक कडांना जास्त असते. बटण म्हणजे चित्र आहे, तिथे ४ टक्क्यांवर अडून बसायचे कारण नाही. पण अर्धे बटण ८०-९० टक्के पांढऱ्याने झाकले की डोळ्याला ते काच म्हणून पटत नाही.

तिसरी गोष्ट तकाकीच्या खालच्या कडेची. ती धारदार हवी. गुळगुळीत पृष्ठभाग प्रतिबिंबाची कड स्पष्ट दाखवतो, खरखरीत पृष्ठभाग ती पसरवतो. तकाकीला ब्लर दिला किंवा तिचा ग्रेडियंट खाली शून्यापर्यंत विरत नेला, की रेशमी किंवा मेणचट पृष्ठभाग दिसतो. तकाकी खालच्या कडेलाही १५ टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहावी आणि तिथे एकदम संपावी.

ही शैली लोकप्रिय झाली ती अॅपलच्या अॅक्वा मांडणीमुळे. ती जानेवारी २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात दाखवली गेली आणि मॅक ओएस एक्सची १०.० आवृत्ती मार्च २००१ मध्ये आली. २०१३ च्या आयओएस ७ ने सपाट मांडणी आणली, आणि जून २०२५ मध्ये अॅपलने लिक्विड ग्लास या नावाने काच पुन्हा पुढे आणली. जुनी काच रंगीत आणि फुगीर होती, नवी बरीचशी रंगहीन आहे आणि मागचे दृश्य वाकवून दाखवते. तुमचे बटण पहिल्या जातीचे आहे, म्हणून खालची सगळी मापे त्या जातीची.

मापे आणि कॅनव्हास

पानावर बटण २०० बाय ६० पिक्सेल दिसणार असेल तर काम दुप्पट मापात करा: आकार ४०० बाय १२०, कॅनव्हास ४८० बाय २००, पार्श्वभूमी पारदर्शक. आकार डावीकडून ४० आणि वरून ३० पिक्सेलवर ठेवा. खाली जास्त मोकळी जागा राहते ती सावलीसाठी. सगळी मापे, स्थाने आणि रेघांच्या जाड्या सम संख्येत ठेवा. निम्म्या आकाराची प्रत काढताना सम संख्या पूर्ण पिक्सेलवर बसते. ३ पिक्सेलची रेघ दीड पिक्सेल होते आणि मळकट दिसते. रिझोल्यूशन ७२ ठेवा किंवा ३००, पडद्यावर फरक पडत नाही. पिक्सेल किती, एवढेच महत्त्वाचे.

आकार राउंडेड रेक्टँगलने, शेप लेअर (मोठा-लहान केला तरी कडा न बिघडणारा आकार) म्हणून काढा. कोपऱ्याची त्रिज्या ३२. ब्रशने किंवा सिलेक्शन भरून काढलेला आकार नंतर मोठा केला की कोपरे बिघडतात.

काया

बटणाच्या अंगाचा ग्रेडियंट लेअर स्टाइलमधल्या ग्रेडियंट ओव्हरलेने देऊ नका. शेपच्या स्वतःच्या फिलमध्येच ग्रेडियंट निवडा. कारण पुढे आपण कवडशाचा लेअर या आकाराला क्लिप करणार आहोत, म्हणजे तो या आकाराच्या आतच दिसेल, आणि फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये पायाच्या लेअरचा ओव्हरले क्लिप केलेल्या लेअरच्या वर रंगतो. कवडसा खाली दबून अदृश्य होतो आणि लेअर तर चालू दिसतो. ओव्हरलेच ठेवायचा असेल तर ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये ‘ब्लेंड इंटेरिअर इफेक्ट्स अॅज ग्रुप’वर खूण करा आणि ‘ब्लेंड क्लिप्ड लेअर्स अॅज ग्रुप’वरची खूण काढा.

ग्रेडियंटला तीन थांबे. सर्वांत वर ह्यू (रंगाची जात) २१४, सॅच्युरेशन (रंगाची शुद्धता) ९०, ब्राइटनेस (उजळपणा) ५५. वरून ५५ टक्क्यांवर ह्यू २१०, सॅच्युरेशन ८८, ब्राइटनेस ६५. तळाशी ह्यू २००, सॅच्युरेशन ७५, ब्राइटनेस ९५. म्हणजे अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत रंग गडदच राहतो आणि शेवटच्या टप्प्यात झपाट्याने उजळतो. दोनच थांबे दिले तर उजेड सगळ्या उंचीवर सारखा पसरतो आणि कवडसा कुठे सुरू झाला ते कळत नाही. कोन ९० अंश. वरखाली उलटे दिसले तर रिव्हर्स करा.

ह्यू २१४ वरून २०० वर का आणला? एकाच ह्यूमध्ये नुसता ब्राइटनेस वाढवला तर रंग खडूसारखा कोरडा दिसतो. उजळताना निळा मोरपंखीकडे, लाल नारिंगीकडे, हिरवा पोपटीकडे १० ते २० अंश सरकवला की रंगात उजेड भरल्यासारखा वाटतो.

आता या लेअरला दोन स्टाइल्स. इनर शॅडो: मोड (खालच्या रंगात मिसळण्याची रीत) मल्टिप्लाय, रंग ह्यू २१६, सॅच्युरेशन ९५, ब्राइटनेस २५, ऑपॅसिटी ५०, कोन ९०, डिस्टन्स ६, चोक ०, साइज १६. ‘यूज ग्लोबल लाइट’वरची खूण काढून टाका, नाहीतर दुसऱ्या कुठल्या लेअरचा कोन बदलला की हाही बदलेल. स्ट्रोक: २ पिक्सेल, जागा इनसाइड, ग्रेडियंट प्रकारचा, वर ब्राइटनेस ३५ चा गडद निळा, खाली ६० चा. स्ट्रोक बाहेरून दिला तर आकार ४०४ बाय १२४ होतो, त्रिज्याही वाढते आणि पुढची मापे जुळत नाहीत. शुद्ध काळा स्ट्रोक टाळा. काळ्या चौकटीत काच चित्रकथेतल्या वस्तूसारखी दिसते.

कवडसा

कायेच्या वर एक लंबवर्तुळ काढा: ३२० बाय ६४, आडवे मध्यावर, आणि त्याचा केंद्रबिंदू बटणाच्या तळापासून साधारण १४ पिक्सेल वर. रंग पांढरा. प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये फेदर (कडेचा मऊपणा) १६ द्या. गॉशियन ब्लरने भागते, पण फेदर नंतर बदलता येतो. ऑल्ट दाबून दोन लेअरांच्या मधल्या रेषेवर क्लिक करा, म्हणजे तो कायेला क्लिप होईल.

मोड कलर डॉज ठेवा आणि ऑपॅसिटी १०० राहू देऊन फिल २० वर आणा. हे दोन आकडे बहुतेक मोड्समध्ये एकच काम करतात. कलर डॉज मात्र अशा आठ मोड्सपैकी आहे ज्यांत फिल आणि ऑपॅसिटीचा परिणाम वेगळा येतो. आकड्यांत पाहा. तळाचा रंग साधारण लाल ६१, हिरवा १८२, निळा २४२ आहे. त्यावर स्क्रीन मोडमध्ये ४० टक्के पांढरा टाकला तर १३९, २११, २४७ मिळतो: लाल दुपटीहून वर गेला, रंग दुधाळ झाला. कलर डॉजने फिल २० वर ढोबळमानाने ७६, २२८, २५५ मिळतो: लाल जवळपास तिथेच राहिला, म्हणून रंग उजळूनही गडद निळेपणा टिकला. आतून पेटल्यासारखे दिसते ते यामुळे. फिलऐवजी ऑपॅसिटी २० केली तर डॉज आधी सगळे पांढरे करून टाकतो आणि त्या पांढऱ्याचा पातळ थर चढतो, म्हणजे पुन्हा दूध.

फिल वाढवण्याचा मोह होतो. ४० वर नेले की हिरवा आणि निळा दोन्ही २५५ ला टेकतात आणि बटणाचा तळ हिरवट दिसू लागतो. २५ च्या पुढे जाण्याची गरज सहसा पडत नाही.

कवडसा कडेपर्यंत पसरू देऊ नका. दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल सोडले आहेत ते मुद्दाम. कोपरे गडद राहिले तरच मधला भाग फुगीर वाटतो.

तकाकी

नवा राउंडेड रेक्टँगल: डावीकडून ४४, वरून ३४, रुंदी ३९२, उंची ५४. म्हणजे कायेपासून वर आणि बाजूंनी ४ पिक्सेल आत. वरच्या दोन कोपऱ्यांची त्रिज्या २८, खालच्या दोन कोपऱ्यांची १०.

त्रिज्या २८ कशी आली ते नीट लक्षात घ्या, कारण हौशी बटणांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे. आतल्या आकाराची त्रिज्या म्हणजे बाहेरची त्रिज्या वजा मधले अंतर: ३२ वजा ४. दोन्हींना ३२ दिली तर कोपऱ्यात फट जाड होते, आणि डोळ्याला कारण कळले नाही तरी काहीतरी वाकडे वाटते. कायेची प्रत करून ती ट्रान्सफॉर्मने लहान करणे हाही तोच घोटाळा. रुंदी आणि उंची वेगवेगळ्या प्रमाणात दबली की कोपरे गोल न राहता अंडाकृती होतात. सिलेक्शन आत घेऊन काढलेला आकार थोड्या पिक्सेलांपुरता ठीक असतो, मोठ्या आकड्याला कोपरे टोकदार पैलू पडल्यासारखे येतात.

तकाकीचा फिलही ग्रेडियंटच: दोन्ही थांबे पांढरे, वरच्याची ऑपॅसिटी ६५, खालच्याची १५. ब्लर नाही, फेदर नाही. आणि हा लेअर कायेला क्लिप करू नका. क्लिप केला तर कायेची इनर शॅडो त्याच्यावर चढते आणि तकाकीचा वरचा भाग मळतो. प्रतिबिंब पृष्ठभागावर असते, सावली आत असते. लेअरांचा क्रमही तसाच हवा.

२ पिक्सेलचा गडद स्ट्रोक, मग २ पिक्सेलची कायेच्या रंगाची फट, मग तकाकी. ही फट म्हणजेच काचेची जाडी. ती बुजवली तर तकाकी कडेला चिकटते आणि पुन्हा प्लास्टिक दिसते. तळाशी उलट करा: स्ट्रोकच्या लगेच आत २ पिक्सेलची पांढरी रेघ, ऑपॅसिटी ३५, दोन्ही टोकांना मास्कने विरवलेली. खालच्या कंगोऱ्यावर पकडलेला हा उजेड लहान आहे, पण तो काढून पाहिला की बटण लगेच सपाट होते.

तकाकीची खालची कड सरळ ठेवायची की वक्र? रुंद बटणाला सरळ बरी. ४०० रुंदीवर वक्र कड दिली तर ती मध्ये अक्षरांना कापते. गोल बटणाला मात्र लंबवर्तुळाकार तकाकीच हवी, व्यासाच्या साधारण ७० टक्के रुंद, आणि तिथे कायेचा ग्रेडियंट रेडियल, केंद्र तळाकडे सरकवलेले.

बाहेरची सावली

रंगीत काचेची सावली काळी नसते, तिच्यातून थोडा रंग सांडतो. म्हणून दोन सावल्या द्या. पहिली टेकलेली: गडद, डिस्टन्स २, साइज ४, ऑपॅसिटी ३५. दुसरी पसरलेली: ह्यू २१०, सॅच्युरेशन ८०, ब्राइटनेस ६०, डिस्टन्स १०, साइज १६, ऑपॅसिटी ४५. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ड्रॉप शॅडोसमोरच्या अधिक चिन्हाने एकाच लेअरला दोन सावल्या देता येतात; जुन्यात आकाराची प्रत खाली ठेवून तिला दुसरी द्यावी लागते. दोन्हींचा मोड नॉर्मल ठेवा. मल्टिप्लाय का नको, ते शेवटी येते.

अक्षरे

अक्षर कुठल्या लेअरवर ठेवायचे यावर बराच वाद घातला जातो. तकाकीखाली ठेवले तर ते काचेच्या आत असल्यासारखे वाटते, वर ठेवले तर काचेवर छापल्यासारखे. पांढऱ्या अक्षराला वाचनीयतेच्या दृष्टीने फरक पडत नाही, कारण पांढऱ्यावर पांढरी तकाकी चढून ते पांढरेच राहते. काळे किंवा गडद अक्षर मात्र तकाकीखाली राखाडी होते. ते वरच ठेवा. आतल्या अक्षराची सावली ४ पिक्सेल खाली आणि किंचित पसरलेली असावी, वरच्या अक्षराला २ पिक्सेलची धारदार गडद सावली पुरते.

वाचनीयता डोळ्याने ठरवू नका, मापा. आणि बटणाच्या सरासरी रंगावर नव्हे, अक्षरामागच्या सर्वांत फिकट जागेवर मापा. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या अक्षरासाठी ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरासाठी ३ ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. मोठे अक्षर म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४ पॉइंट. वेबच्या पिक्सेलात साधारण २४ आणि १८.७. आपल्या मधल्या निळ्यावर पांढरे अक्षर ६.७ देते. त्याच निळ्यावर तकाकी १५ टक्के असेल तर ४.८ उरतो, २० टक्के असेल तर ४.३. पाच टक्क्यांच्या फरकात बटण अटीत बसते किंवा बाहेर पडते. आणि अक्षराच्या माथ्याजवळ तकाकी २५ टक्क्यांच्या आसपास असते, तिथे हिशेब ४ वर येतो. म्हणून या बटणावर पानावरचे २० पिक्सेलचे ठळक अक्षर चालते, १६ पिक्सेलचे चालत नाही. लहान अक्षर हवेच असेल तर तकाकीच्या ग्रेडियंटचा १५ टक्क्यांचा थांबा वर ओढा, म्हणजे अक्षर सुरू होण्याआधीच ती पातळ होईल.

देवनागरीसाठी एक वेगळी काळजी. तकाकीची खालची कड ही आडवी रेघ आहे आणि शिरोरेखाही आडवी रेघ. दोन्हींत तीन-चार पिक्सेलचे अंतर राहिले तर दुहेरी शिरोरेखा असल्याचा भास होतो. कड अक्षराच्या पोटातून जाऊ द्या किंवा शिरोरेखेच्या पुरेशी वर ठेवा. उभे मध्य साधताना चौकट मोजू नका. रफार आणि वेलांटी चौकट वर ढकलतात, उकार खाली ओढतो. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे अंतर धरून तेवढेच मध्यावर आणा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटली किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला गेली तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचे टेक्स्ट इंजिन निवडा, फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि अक्षरे नव्याने टाइप करा.

इतर रंग

वरची पद्धत निळा, हिरवा, लाल, जांभळा यांना जशीच्या तशी चालते. काळ्या काचेवर कलर डॉज काहीच करत नाही, कारण शून्याला कितीही फुगवले तरी शून्यच. तिथे कवडसा स्क्रीन मोडमध्ये, ऑपॅसिटी २० ते ३०, निळसर राखाडी रंगात द्या. पिवळ्याची अडचण उलट आहे. तो मुळातच इतका उजळ की कवडशाला वर जायला जागाच नसते. वरचा थांबा ह्यू ३८, ब्राइटनेस ७५ इतका तपकिरी-नारिंगी घ्या, तळ पिवळा ठेवा आणि अक्षर गडद तपकिरी करा. रंगहीन काचेला काया निळसर राखाडी आणि बरीच पारदर्शक लागते. तिथे सगळा भार कडांवर येतो.

दाबलेले, टेकलेले, बंद

माउस वर आला की बहुतेक जण सगळे बटण फिकट करतात. तसे करू नका. माउस आल्याने खोलीतला उजेड बदलत नाही, म्हणून तकाकी तशीच राहू द्या. फक्त कवडसा वाढवा. फिल २० चा २५ करा आणि फेदर थोडा रुंद करा. आतून दिवा लागल्यासारखे दिसते. दाबल्यावर बटण पृष्ठभागाकडे जाते, म्हणून पसरलेली सावली काढा, इनर शॅडोची डिस्टन्स ६ ची १० करा, तकाकी निम्मी करा, अक्षर २ पिक्सेल खाली सरकवा. बंद अवस्थेत सॅच्युरेशन उतरवा आणि कवडसा पूर्ण विझवा. कीबोर्डने आलेल्या फोकसला बाहेरून २ पिक्सेल सोडून ठळक कडे द्या. नुसता अंधुक प्रकाश फोकस म्हणून ओळखू येत नाही.

चित्रेच वापरणार असाल तर सगळ्या अवस्था एकाखाली एक रचून एकच फाइल करा आणि सीएसएसने (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने) पार्श्वभूमीचे स्थान सरकवा. अवस्थांच्या वेगळ्या फाइली ठेवल्या तर माउस पहिल्यांदा वर आला की दुसरे चित्र उतरेपर्यंत बटण क्षणभर नाहीसे होते.

गिंपमध्ये

गिंप या मोफत चित्रसंपादकातही क्रम तोच. रेक्टँगल सिलेक्टच्या पर्यायांत राउंडेड कॉर्नर्स असतो. त्रिज्या, स्थान आणि माप तिथेच आकड्यांत भरा. काया भरल्यावर लेअरचा अल्फा (पारदर्शकता) लॉक करा, म्हणजे ग्रेडियंट बाहेर सांडत नाही. इनर शॅडोसाठी कायेचे सिलेक्शन उलटे करून नव्या लेअरवर गडद रंग भरा, सिलेक्शन काढा, ८ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, ६ पिक्सेल खाली सरकवा आणि कायेच्या आकाराचा मास्क लावा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लेअरवर तसेच ठेवून नंतर बदलता येतात, त्यामुळे ब्लरचा आकडा पुन्हा हलवता येतो.

इथे एक मोठा सापळा आहे. २.१० आवृत्तीपासून गिंपचा नेहमीचा नॉर्मल मोड रंग लिनिअर पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात, मिसळतो. काळ्यावर ५० टक्के पांढरा टाकला तर फोटोशॉप आणि ब्राउझर १२८ च्या आसपासचा राखाडी देतात, गिंप १८८ च्या आसपासचा. म्हणजे वरचे ६५ आणि १५ टक्के गिंपमध्ये जास्त भडक दिसतील. आणि तुम्ही ते डोळ्याने कमी केले तर पारदर्शक पीएनजी ब्राउझरमध्ये फिकी पडेल. प्रत्येक लेअरचा मोड लेगसी गटातून निवडा, फरक मिटतो. देवनागरी जोडाक्षरांची मांडणी गिंप मुळातच नीट करतो.

चित्र की सीएसएस

आकार साधा असेल तर अंतिम बटण सीएसएसमध्ये उतरवणेच शहाणपणाचे, आणि अक्षरे तर कधीच चित्रात गाडू नयेत: ती मोठी करता येत नाहीत, भाषांतरित होत नाहीत, आणि पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या साधनाला दिसत नाहीत. काया लिनिअर ग्रेडियंटने, कवडसा वर ठेवलेल्या रेडियल ग्रेडियंटने, तकाकी बिफोर या आभासी घटकाने, तळाची रेघ आणि आतली सावली इनसेट बॉक्स शॅडोने होते. स्वल्पविरामाने अनेक सावल्या देताना आधी लिहिलेली वर येते. मापे निम्मी करा: त्रिज्या १६, आतली १४, अंतर २. मागचे दृश्य धूसर दिसणारी काच हवी असेल तर बॅकड्रॉप फिल्टरचा ब्लर वापरा; मात्र बटणाची स्वतःची पार्श्वभूमी अपारदर्शक असेल तर त्याचा परिणाम दिसतच नाही. फोटोशॉपमधली फाइल तरीही वाया जात नाही. रंग, प्रमाण आणि टक्के तिथे ठरवणे सोपे जाते.

ती पांढुरकी रेघ

आता दुसरी तक्रार. कडेला पांढरी रेघ येण्याची तीन कारणे असतात आणि तिन्ही ओळखता येतात.

रेघ दातेरी आणि सगळीकडे सारखी असेल तर फाइल जिफ आहे किंवा २५६ रंगांची पीएनजी, आणि एक्स्पोर्ट करताना मॅट रंग (कडेत मिसळला जाणारा पार्श्वरंग) पांढरा राहिला आहे. कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल पांढऱ्यात मिसळून पक्के झाले. पूर्ण अल्फा असलेली २४ बिट पीएनजी किंवा वेबपी काढा. जेपीईजीला पारदर्शकता नसते, शिवाय धारदार कडांभोवती ती ठिपके आणते. या कामाला ती घेऊच नका.

रेघ फक्त तळाशी किंवा कोपऱ्यांत, धुरकट पट्ट्यासारखी असेल तर कवडशाचा लेअर क्लिप झालेला नाही. स्क्रीन, ओव्हरले, कलर डॉज, मल्टिप्लाय हे मोड खालच्या रंगावर काम करतात. खाली पारदर्शक जागा असेल तर ते नॉर्मलसारखे वागतात. संपादकात पांढऱ्या पार्श्वभूमीवर सांडलेला पांढरा दिसतच नाही, गडद पानावर उघडा पडतो. बाहेरच्या सावलीला मल्टिप्लाय नको ते याच कारणाने: पार्श्वभूमीचा लेअर चालू असताना दिसलेली सावली आणि एक्स्पोर्ट झालेली सावली वेगळी येते.

रेघ अगदी बारीक, केसासारखी, आणि निम्म्या आकाराच्या प्रतीतच दिसत असेल तर ती आकार कमी करताना आली आहे. बायक्युबिक शार्पर कडेला उजळ झालर उमटवतो. सपाट चित्र लहान करण्याऐवजी शेप लेअर असलेली फाइलच इमेज साइजमधून ५० टक्के करा आणि ‘स्केल स्टाइल्स’वर खूण ठेवा. ती विसरली तर आकार निम्मा होतो, पण स्ट्रोक आणि सावल्या जुन्याच मापात राहून बटण जाडजूड दिसते.

एक्स्पोर्टपूर्वी सर्वांत खाली तीन सपाट लेअर ठेवा: पांढरा, जवळपास काळा, आणि बटणाच्या विरुद्ध रंगाचा, निळ्यासाठी नारिंगी. एकेक चालू करून २०० टक्क्यांवर कड फिरून पाहा. पांढऱ्यावर लपलेली झालर काळ्यावर दिसते, काळ्यावर लपलेली सावली पांढऱ्यावर, आणि रंगीत सावली किती सांडते ते नारिंगीवर. तिन्ही लेअर बंद करून मगच फाइल काढा.